एडिंबरोची घरधनीण

पत्र मंगळवारी आलं, आणि शुक्रवारपर्यंत जगलबेटच्या पाटणेकरांच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं.

सुप्याच्या टपालातून आलेलं ते पाकीट भिकाजीने नेहमीसारखं ओटीवर बसून सगळ्यांदेखत फोडलं होतं. घरातला थोरला तो. वडील गेल्यापासून शेत, हिरड्याचा व्यापार आणि घरातल्या तीन बायकामाणसांची उठाठेव त्याच्याच डोक्यावर. धाकटा पुंडलिक अडीच वर्षांपूर्वी स्कॉलरशिप मिळवून विलायतेला गेला होता आणि एडिंबरो नावाच्या शहरात जंगलांचा अभ्यास करत होता. तिथून तो डॉक्टर होऊन येणार होता. पण माणसांचा नव्हे, झाडांचा. हे सांगून सांगून घरच्यांची तोंडं दुखली, तरी अर्धं जगलबेट आपापले ताप आणि कंबरदुख्या पुंडलिकासाठी राखून बसलं होतं.

पुंडलिक पत्रं बाळबोधीत लिही, बायकोलाही वाचता यावीत म्हणून. भिकाजीचा सगळा जन्म मोडी लिहिण्या-वाचण्यात गेलेला. बाळबोध तो अंधारात पायऱ्या उतरावं तसा चाचपत वाची. त्या दिवशीही तो असाच चाचपत पुढे सरकत होता.

"'इथला हिवाळा यंदा फार कडक झाला. छातीच्या दुखण्याने मी तीन आठवडे अंथरुणाला खिळून होतो. माझी घरधनीण नसती तर मी वाचलो नसतो. तिने रात्ररात्र माझ्या उशाशी बसून...'"

एवढं वाचलं आणि भिकाजी थांबला.

जगलबेटला घरधनी म्हणजे नवरा आणि घरधनीण म्हणजे बायको. या शब्दाला तिसरा अर्थ नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. बायजाने, पुंडलिकाच्या आईने, तिथल्या तिथे कपाळावर हात मारला. "मडम केली रं माझ्या लेकानं! मडम केली!" भिकाजीच्या बायकोने, शांताने, तोंडाला पदर लावला. भिकाजीने कागदाची घडी घातली आणि ती देव्हाऱ्यात देवांच्या मागे सरकवून दिली. असला कागद घरात ठेवता येत नव्हता आणि बाहेर टाकताही येत नव्हता. बाकीचं पत्र तसंच राहिलं.

आणि गुणा, पुंडलिक जिचा नवरा होता ती, दाराआड उभी होती. ती रडली नाही. तिला राग आला, आणि तोही असा की पुढचे तीन दिवस उखळात जे पडेल त्याचं पीठच झालं. पण रागाच्या तळाशी एक गोष्ट तिला टोचत होती. पुंडलिकाला मोडीही उत्तम येत होती. बायकोपासून लपवायची गोष्ट माणूस मोडीत लिहील. ही त्याने बाळबोधीत का लिहिली?

शुक्रवारी दुपारी तिचे वडील बाबुराव खानापूरहून गाडी जोडून आले. बातमी तिकडे कशी पोचली ते विचारण्यात अर्थ नाही. उळवीची जत्रा होऊन महिना झाला होता, रस्ता अजून वाहता होता, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला तोंड होतं.

बाबुरावांनी पाण्याच्या तांब्यालाही हात लावला नाही.

"माझी लेक मी घिऊन जातो," ते म्हणाले. "सवतीवर पोरगी नांदवायची आमच्यात रीत न्हाई."

"सवत तिकडं समुद्रापल्याड हाय, मामा," भिकाजी म्हणाला. "हितं कोन नांदतंय तिच्यासंगं?"

"म्हंजी येनार न्हाई व्हय ती? पोरगं आलं की मागनं टोपी घालून उतरंल कॅसलरॉकच्या ठेसनात. मग?"

"येतंय कुटलं पोरगं! त्यासाठीच म्हनतोय, तार करू. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ. एवढं लिवलं की पळत यील."

"अत्यवस्थ मी?" बायजा आतून म्हणाली.

"तारंपुरती, आई."

"तारंपुरती झोप म्हन. झोपते मी. न्हाईतरी मंगळवारपासनं अंगात जीव कुटं हाय!"

हे सगळं गुणा माजघराच्या उंबऱ्याआडून ऐकत होती. त्या घरात धाकटी सून जेठासमोर बोलत नसे. काही सांगायचं तर जावेला सांगायचं, जाऊ नवऱ्याला सांगणार, आणि उत्तर त्याच वाटेने परत येणार. सहा वर्षं गुणाने हे निमूट पाळलं होतं. मीठ संपल्याची बातमीसुद्धा तीन तोंडांतून फिरून ओटीवर जायची.

"आक्का," ती शांताला म्हणाली, "भाऊजींना इचारा, पत्र पुरतं वाचलंसा का?"

शांताने पदर सावरून ओटीकडे तोंड केलं. "गुणा इचारतीया, पत्र पुरतं वाचलंसा का?"

"काय वाचायचं राहिलंय त्यात?" भिकाजी कातावला. "तिला म्हनावं, कळायचं ते कळलं."

"कळायचं ते कळलं म्हनतात," शांता गुणाला म्हणाली. जणू तिला ऐकूच आलं नव्हतं.

मग गुणाने एक केलं. देव्हाऱ्याशी गेली, हात जोडले, देवांच्या मागून कागद काढला आणि उंबरा ओलांडून सरळ ओटीवर येऊन उभी राहिली. बाबुरावांनी मान फिरवली. लेकीला मराठी चौथीपर्यंत शाळेत घातल्याचा पस्तावा त्यांना अधूनमधून होई, तसा तो त्या वेळी झाला असावा.

"मी वाचते," ती म्हणाली. "समदं. मग काय ती तार करा."

"आत हो, गुणे," बाबुराव म्हणाले.

"वाचून झालं की होईन."

आणि तिने वाचायला सुरुवात केली, भिकाजी जिथे थांबला होता तिथून.

"'तिने रात्ररात्र माझ्या उशाशी बसून शेक दिला. तिचं वय त्रेसष्ट आहे. नवरा वारून अकरा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा लढाईत फ्रान्समध्ये पडला. तिच्या घरात आम्ही चार विद्यार्थी भाड्याने राहतो, प्रत्येकाला एक एक खोली. घर तिचं, म्हणून मी तिला घरधनीण म्हणतो. दुसरा शब्द सुचत नाही...'"

"त्रेसष्ट?" बायजा दारात आली.

"त्रेसष्ट, आत्या. तुमच्याहून आठ-नऊ वरसांनी थोरली."

शांताला हसू फुटलं. ती भिंतीकडे तोंड करून हसली, पण खांदे लपले नाहीत. बाबुरावांनी घसा खाकरला, तांब्या उचलला आणि एका दमात अर्धा रिकामा केला. आता चूक कुणाची म्हणावी? जगलबेटला कुणी परक्याच्या घरात भाडं देऊन खोलीत राहिलेलं नव्हतं. पाहुणा येई तो ओटीवर निजे, धान्य भाड्याने गाडीत जाई, माणूस भाड्याने खोलीत राहतो हे कुणी ऐकलेलं नव्हतं. जी गोष्टच नाही तिला शब्द कुठून असणार? पुंडलिकाने घरचा शब्द घरासाठी म्हणून उचलला, आणि त्याच शब्दाने चार दिवस घर उपाशी ठेवलं.

"पुढं वाच," बायजा म्हणाली. आता तिचा आवाज निराळा होता.

गुणाने वाचलं. जे तिथे उघडं पडलं ते अडीच वर्षांत कोणत्याच पत्रात आलं नव्हतं.

"'हे मी आधी कळवलं नाही, आईला वाईट वाटेल म्हणून. आल्यावर मी सात घरांची दारं वाजवली. खिडकीत खोली रिकामी असल्याची पाटी असे. दार उघडे, माझं तोंड दिसे आणि खोली तेवढ्यात भरून जाई. एकीने तर माझ्या डोळ्यांदेखत पाटी उलटी केली. आठव्या दारात ही म्हातारी होती. तिने एवढंच विचारलं, बूट पुसून आत येणार का? तेव्हापासून मी इथे आहे. हिवाळ्यात दुपारी साडेतीनला दिवे लागतात. दारूच्या कारखान्यांचा भिजल्या धान्यासारखा वास शहरभर असतो, त्याने कधी कधी आपल्या खळ्याची आठवण येते आणि मग दिवसभर काही सुचत नाही. वाचनालयात माझ्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरते. सोबतचे विद्यार्थी वाईट नाहीत, पण ते मला वाघाशिवाय दुसरं काही विचारत नाहीत. मी जन्मात दोन वाघ पाहिले, सांगितलेले आता चौदा झाले...'"

इथे कुणी हसलं नाही. बायजा दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"सात दारं," ती म्हणाली. "माझ्या पुंड्याला सात दारांनी भाईर ठेवलं."

गुणाला पुढचा मजकूर दिसत होता. क्षणभर तिला वाटलं, इथेच घडी घालावी. पण नुकतीच तिने सगळं वाचायची अट घातली होती.

"'प्रबंध जूनमध्ये द्यायचा आहे. प्रोफेसर म्हणतात, कुमरीचं प्रकरण गाळा. जंगल तोडून जाळणाऱ्या लोकांची तुम्ही बाजू घेता, त्याला पुरावा कुठे आहे? एका घराची हकिकत म्हणजे पुरावा नव्हे, निदान बारा घरांची बारा वर्षांची नोंद दाखवा. ती माझ्याजवळ नाही. ते प्रकरण गाळून मला पदवी नको, आणि ठेवून मिळणार नाही. छाती अजून दुखते. खरं सांगतो, मी थकलो आहे. घरून नुसतं "ये" असं आलं तरी मी पुढच्या बोटीने निघेन.'"

तिने कागद खाली केला.

"बगा," भिकाजी हळू म्हणाला. "अत्यवस्थ नको न् काय नको. त्यो सोताच म्हनतोय. एक शब्द लिवायचा. ये."

"लिवा," बाबुराव म्हणाले. "आजच्या आज लिवा."

"लिवायचा न्हाई," गुणा म्हणाली.

बाबुरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग व्याह्यांच्या घराकडे पाहिलं, आणि कुणाची बाजू घ्यावी हे न कळून कपाळाला हात लावला. "नवरा घरी येतो म्हनतोय आन् बायको नको म्हनतीया! उभ्या जन्मात ऐकलं न्हाई असलं!"

"येऊ नको असं कुटं म्हनले? काम सोडून येऊ नको म्हनते."

"कसलं काम, कुमरीचं?" भिकाजी उठून उभा राहिला. जेठाने भावजयीशी असं समोरासमोर बोलण्याची त्याच्याही आयुष्यातली ती पहिली वेळ, त्यामुळे तो तिच्याकडे न बघता खांबाकडे बघून ओरडत होता. "कुणबी डोंगरात झाडं तोडत्यात, वाळवून जाळत्यात, राखंत नाचणी पेरत्यात. समद्या मुलखाला ठावं हाय. त्यापायी माझ्या भावानं तकडं रगत ओकायचं? मी त्याला कॅसलरॉकला गाडीत बसवला तवा त्यो धडधाकट होता. मेला तर कुनाला इचारायचं मी? त्या प्रोफेसराला?"

हे तो मनापासून बोलत होता. गुणालाही ते कळत होतं.

"भाऊजी, मला भ्या वाटत न्हाई असं वाटतं तुमाला? चार दिस मी काय केलं ते माझं मला म्हाईत. पन ते काम त्यांचं एकल्याचं न्हाई. माझं बी हाय."

इथे मागचं थोडं सांगावं लागेल. गेली दोन वर्षं पुंडलिकाच्या प्रत्येक पत्राबरोबर गुणासाठी एक वेगळा कागद येई, आणि त्यावर नुसते प्रश्न असत. डोंगरातल्या कुंभारवाडा गावचे कुणबी कुमरीचा तुकडा तोडताना कोणती झाडं ठेवतात? बुंधा किती उंच राखतात? त्या जागी परत किती वर्षांनी येतात? हिरडा विकत घ्यायला घरची गाडी कुंभारवाड्याला जाई, तिच्यातून बायजाची परवानगी घेऊन गुणाही जाई. मग एकेका अंगणात बसून विचारून घेई आणि लिहून पाठवी. सरकारी पुस्तकात कुणब्यांविषयी एकच ओळ होती, की हे जाळतात. गुणाला दोन वर्षांत कळलं होतं ते असं की हे गुडघाभर बुंधा ठेवतात म्हणजे तो परत फुटतो, हिरड्याला आणि जांभळाला कोयता लावत नाहीत, आणि एकदा नाचणी काढली की ती जागा बारा वर्षं रानाला देऊन टाकतात. तिने हे पाहिलं होतं. बारा वर्षांपूर्वीच्या तुकड्यात उभी राहिली होती आणि वर बघताना तिच्या डोक्यावरचा पदर पडला होता. सरकारने एकेक करून डोंगर बंद केले होते, उरले होते ते आखून दिलेले तुकडे, आणि तेही पुढच्या पाहणीत जाणार असं सुप्याच्या कचेरीत उघड बोललं जात होतं.

"त्यांनी ते गाळलं," ती म्हणाली, "तर कुणबी जाळत्यात एवढंच ऱ्हाईल छापलेलं. आन् आपल्याच मान्साच्या नावानं ऱ्हाईल."

"ऱ्हाईना!" भिकाजी म्हणाला. "आपून काय कुणबी हाय?"

"आपला हिरडा कोन आनतंय?"

भिकाजी परत खाली बसला. बाबुराव मात्र बोलायचे थांबले नाहीत. "बरं, पुरावा पायजे म्हनतोय त्यो. हाय तुज्याजवळ? न्हाई ना? मग?"

गुणाजवळ नऊ घरांची नोंद होती, सगळी जमली की एकदम धाडायची म्हणून राखलेली. कुंभारवाड्यात कुमरीची घरं बाराच, त्यांतली तीन बाकी होती, आणि त्यांच्यासाठी तिने पंधरा दिवसांमागे फुलाला निरोप धाडला होता. फुला कुंभारवाड्याची कुणबीण, गुणाची तिथली मैत्रीण. ती शनिवारच्या बाजाराला म्हणून आदल्या दिवशीच येऊन राही. त्या शुक्रवारीही ती आली, आणि नेमकी ओटीवर एवढी माणसं बघून पायरीखालीच टोपली उतरवून उभी राहिली.

"बाय गे," ती गुणाला म्हणाली, "कोण मेला काय?"

"न्हाई. तू आनलंस?"

फुलाने टोपलीतल्या कंदांखालून बांबूच्या दोन कामट्या काढल्या. जुन्या, धुराने काळ्या झालेल्या. एकेका कामटीवर खाचा होत्या. कुणब्यांच्या घरी जिथे कुमरी पडे तिथली खूण घरातल्या म्हाताऱ्याच्या कामटीवर जाई. वर्षाला एक खाच, डोंगर बदलला की आडवी रेघ. ही नोंद कुणी सरकारला दाखवत नसे. गुणाला ती बघायला मिळायलाच वर्ष गेलं होतं.

"म्हादूच्या घरची ही. आणि ही येसूच्या आज्याची. सतरा वर्सांची हा, मोजून घे."

"आन् तिसरी?"

"झिलूचो बापूस देयना." फुलाने ओठ काढला. "म्हणता, सरकारची माणसां खाचा मोजतली आणि दंड मारतली. माका शिव्या घातल्या. तुका बी घातल्या."

"अकरा झाली," गुणा म्हणाली.

"अकरा म्हंजी बारा न्हवं," बाबुराव म्हणाले. व्यापारी माणूस, त्यांना यात गंमत वाटली असावी.

"बारावं मी आनीन."

"ते आनंस्तवर त्यो तकडं..." भिकाजीने वाक्य सोडून दिलं. "बास झालं. उद्या मी तार करनार. घरातला कर्ता मी हाय."

"करा," गुणा म्हणाली. "तुमची गाडी परतली की मी चालत जाईन आन् दुसरी तार करीन. काम पुरं करा म्हनून."

"ह्या घरातनं जाऊन?"

"ह्या घरातनं जाऊन."

"मग परत ह्या घरात यायचं काम न्हाई!"

बाबुराव चटकन उठले. "चल गुणे. गाडी हायच. चल खानापूरला, डोस्कं थंड होऊ दे."

"तकडं मला कुंभारवाड्याला जाऊ देशीला?"

"कुणब्यांच्या अंगणात बसायला? न्हाई."

"मग तकडं बी येत न्हाई."

अशी ती ओटीच्या मधोमध उभी राहिली, एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन कामट्या. एका दारी जेठाचं नाही आणि दुसऱ्या दारी बापाचं. फुला पायरी चढून वर आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. कुणबी बाई पाटणेकरांच्या ओटीवर चढल्याचं भिकाजीच्या ध्यानात आलं, पण आता कोणकोणत्या गोष्टीवर ओरडावं हे त्याला सुचेना.

तेव्हा शांता बोलली. सहा वर्षं जी नुसती निरोप इकडून तिकडे नेत होती, ती आपल्या मनाने बोलली. "अर्धं पत्र वाचून चार दिस घर उपाशी ठेवलंसा. आता अर्धीच तार नगा करू."

"तू बी?" भिकाजी म्हणाला.

"मी बी काय? मी आपली म्हनते."

बायजा चौकटीला धरून उठली. तिने सुनेच्या हातून पत्र घेतलं. वाचता येत नसताना ते उलटसुलट पाहिलं आणि चोळीत खोचलं. "पुंड्या माझा ल्योक हाय," ती म्हणाली. "तार मी करनार. पहाटं गाडी जोड, भिका. आन् ही बी येनार संगं, लिवनं कळतंय हिला."

भिकाजीचा चेहरा सैलावला. मंगळवारपासून आई मुलाच्या नावाने रडत होती, ती काय सांगणार हे सांगायला नको होतं. गुणालाही ते सांगायला नको होतं. बाबुराव समाधानाने जेवले आणि निकाल ऐकायला राहिले नाहीत.

पहाटे निघालेली गाडी दिवस कलायच्या आत कॅसलरॉकला पोचली. वाटेत बायजाने एकदाच तोंड उघडलं.

"त्या म्हातारीचा ल्योक लढाईत मेला म्हनं."

"व्हय, आत्या."

"आन् ती माझ्याच्या उशाला बसली."

"व्हय."

पुढे मग घाट लागला. गुणाने मनाशी दहा वेळा वाक्यं जुळवली आणि दहा वेळा मोडली. सासूला पोटच्या मुलापासून दूर राहा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? जेठाशी भांडता येतं, बापाशी भांडता येतं. आईच्या पोटातल्या तुटण्याशी भांडायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.

स्टेशनात गोव्याकडची गाडी उभी होती. कस्टमवाले उतारूंच्या गठड्या सोडून बघत होते, फलाटभर लोकांची कपडे-भांडी पसरली होती. तारेच्या खिडकीशी चष्मेवाले तारमास्तर बसले होते.

"एनु बेकु, अम्मा?" त्यांनी विचारलं आणि बायजाचं लुगडं बघून मराठीत आले. "काय पाहिजे?"

"विलायतेला तार करायची," भिकाजी पुढे झाला. त्याने पत्ता पुढे केला. "लिवा, ये. एकच शब्द."

"थांब," बायजा म्हणाली.

तिने दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली. "गुणे, त्या कागदात 'मला पदवी नको' असं लिवलंय?"

"न्हाई, आत्या. त्ये गाळून नको असं लिवलंय."

"म्हंजी भांडतोय."

"भांडतोय. थकलाय, पन भांडतोय."

मागे गाडीने शिटी दिली. तारमास्तरांनी टाक उचलून परत ठेवला.

"ल्हानपनी शाळंतनं पळून यायचा," बायजा म्हणाली, आणि ती ना मुलाशी बोलत होती ना सुनेशी. "मास्तर मारायचा, तवा. मी पोटाशी धरायची, जेवाय घालायची. पन मग तीन तीन दिस त्यो कुनाच्या तोंडाकडं बगायचा न्हाई. माझ्या बी न्हाई. आता पळून आला तर जलमभर बगायचा न्हाई." तिने भिकाजीकडे वळून पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "माझ्या जिभंवर 'ये'च हाय रं, भिका. चार दिस न्हवं, अडीच वरसं हाय. पन मी त्ये बोलनार न्हाई. मास्तर, लिवा, आई बरी हाय. आन् फुडं ही सांगंल ते."

तारमास्तरांनी गुणाकडे पाहिलं. गाडीत जुळवलेल्या दहा वाक्यांतलं एकही तिला आठवेना.

"पुरावा निघाला," ती म्हणाली. "थांबा. गुणा."

"गुणा कोण? नातं लिहायचं का?"

"नातं नको. नाव पुरं."

त्यांनी इंग्रजीत लिहिलं. गुणाने त्यांना ते मराठीत परत वाचून दाखवायला लावलं, सगळं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मग आतल्या यंत्राची कटकट सुरू झाली. बायजा ती संपेपर्यंत खिडकी सोडीना.

बाहेर आल्यावर भिकाजी बैलांशी उभा राहून उगाच जू चाचपत होता. आईने त्याला हरवलं होतं आणि आईवर रागावता येत नव्हतं, म्हणून तो भावजयीकडे वळला. या वेळी मात्र तो खांबाकडे न बघता सरळ तिच्याकडे बघून बोलला.

"निघाला कुटं पुरावा? अकराच घरं हायत. माझी तार नको म्हनालीस, आन् सोता खोटीच केलीस की."

"निघाला म्हनलंय, भाऊजी. पोचला म्हनलं न्हाई." गुणाने सासूला हात देऊन गाडीत चढवलं आणि मागून स्वतः चढली. "गाडी कुंभारवाड्यावरनं घ्या. झिलूच्या बापाला मला शिव्या घालायच्या हायत म्हनं. घालू दे. कामटी घेतल्याबिगर मी त्याच्या अंगनातनं उठनार न्हाई."

कुंभारवाड्याची वाट चांगली सात-आठ कोस वाकडी पडत होती, आणि दिवस फार उरला नव्हता. भिकाजीने आईकडे पाहिलं. बायजा पदराने तोंड पुसत होती. तिने नुसतं कुंभारवाड्याच्या दिशेला बोट केलं.

भिकाजीने बैल वळवले.